सोसोगडला जाताना प्रोटीन बार न्यायचे का?

गोव्यातल्या डिचोलीहून एका वाचक भगिनीचं पत्र आलंय, सत्तरी तालुक्यातल्या सोसोगड डोंगरावर जायच्या तयारीबद्दल. मोठं आहे, त्यातलं कामाचं तेवढं इथे देते:

"मावशी नमस्कार, नाताळच्या सुट्टीत आम्ही नऊ जण सोसोगडला जायचं ठरवतोय. मिस्टर, मी, आमचा चौदा वर्षांचा मुलगा आणि बाकी मिस्टरांच्या ऑफिसातले लोक. माझे दीर कॅनडात असतात, तिकडे ते लायसन्स काढून शिकारीला जातात. यंदा गणपतीला आले तेव्हा प्रोटीन बारचे दोन बॉक्स घेऊन आले, म्हणाले की दिवसभर रानात हेच खाऊन राहतो, दुसरं काही लागत नाही. गेल्या महिन्यात मुलगा मित्रांबरोबर वाघेरीला गेला, सकाळी नाश्ता केला नाही, वाटेत लागोपाठ दोन बार खाल्ले, आणि अर्ध्यावर पोटात कळा येऊन उलटी झाली. सासरे म्हणतात असलं खाऊन डोंगर चढतात का, आम्ही शिकारीला जायचो तेव्हा भाजलेले चणे नि गूळ कनवटीला असायचा. मिस्टरांना शुगर आहे, गोळ्या चालू आहेत, ते म्हणतात मी शुगर फ्री बार घेतो. मला कळत नाही कुठला बार चांगला, माणशी किती न्यायचे, की नेऊच नये. आणि अजून एक, शेजारची मोठी मुलं रात्रीची रानडुकराच्या मागे जातात, मुलगा आता त्यांच्याबरोबर जायचा हट्ट धरून बसलाय."

बाय, आधी मुलाच्या पोटाचं बघू, कारण बाकीची बरीचशी उत्तरं त्यातच आहेत.

ते बॉक्स घरात असतीलच, एक बार घे, पाकीट उलटं कर आणि मागची बारीक अक्षरं वाच. पुढे मोठ्या अक्षरात 20 ग्रॅम प्रोटीन लिहिलेलं असतं ते सोड, मागे काय आहे ते महत्त्वाचं. जे जास्त घातलंय त्याचं नाव आधी येतं असा नियम आहे, त्यामुळे पहिली तीन-चार नावं वाचलीस की बार कशाचा केलाय ते कळतं. आता त्यात माल्टिटॉल, सॉर्बिटॉल असं काही दिसतंय का बघ, चिकोरीचं फायबर किंवा इन्युलिन दिसतंय का बघ. साखर न घालता गोड लागावं म्हणून हे पहिले दोन घालतात आणि ते पोटात नीट शोषले जात नाहीत, आतड्यात जाऊन पाणी ओढतात, गॅस करतात. आपल्याकडच्या पाकिटांवर तर ते जास्त असले की पोट सैल होऊ शकतं अशी सूचनाच छापावी लागते, पण ती वाचतो कोण. इन्युलिनचंही तेच, थोडं असलं तर चालतं पण रिकाम्या पोटी दोन बार म्हणजे बरंच झालं. त्यात चढताना शरीर जास्त रक्त पायांकडे पाठवत असतं, पोटाच्या वाट्याला कमी येतं, आणि प्रोटीन पचायला मुळातच वेळ लागतो. पोरगं आजारी नव्हतं गं, त्या वेळेला ते खाणंच चुकीचं होतं.

मी सत्तावीस वर्षं शाळेत पीटी शिकवली आणि दर हिवाळ्यात पोरांना घेऊन डोंगरात गेले, चोर्ल्याच्या बाजूला, मोलेला, खोतीगावला. एका वर्षी नववीतली एक मुलगी असेच दोन बार खाऊन आली होती, आईने मोठ्या कौतुकाने दिलेले, महागातले, आणि ती पोर अर्धा तास झाडामागे बसून रडत होती. बरोबरच्या मुली पाठ करून तिच्याभोवती ओढण्या धरून उभ्या होत्या. पाणी प्यायला सांगावं तर तिला पाण्याचीच भीती वाटत होती. तेव्हापासून मी ट्रेकच्या आदल्या दिवशी सगळ्यांच्या सॅक उघडून बघायला लागले, पालकांना राग आला तरी.

तुझ्या दिरांचं काही चुकत नाही हे पण सांगते, फक्त त्यांचं रान वेगळं आहे. तिकडे शिकारी मूस किंवा एल्क या मोठ्या हरणांसाठी जातो तो थंडीच्या सुरुवातीला, कित्येकदा पारा शून्याच्या खाली, पहाटे जाऊन एका जागी तासन् तास न हलता बसायचं, घाम जवळजवळ नाही, पण शरीर ऊब धरायला खात असतं. तिथे चरबी नि प्रोटीनवालं, हळूहळू पचणारं खाणं बरोबर आहे, तीन-चार तास भूक लागत नाही. त्यांची अडचण वेगळी, थंडीत बार दगडासारखा होतो, दात लागत नाही, म्हणून ते लोक बार जॅकेटच्या आतल्या खिशात अंगाला लावून ठेवतात. पाकिटाचा कर्र आवाज झाला तर जनावर पळतं, म्हणून काही जण घरूनच कागद काढून कापडात गुंडाळून नेतात. रात्री खाणं तंबूत ठेवत नाहीत, अस्वलाला वास जातो, लांब झाडावर टांगतात. हे सगळं तिथल्यासाठी खरं आहे.

आणि आपण कुठे जातोय? डिसेंबरात सत्तरी तालुक्यात पहाटे थंडी असते म्हणून माणूस फसतो, स्वेटर घालून निघतो, आणि दहा-साडेदहाला उघड्या कातळावर आलं की वरून ऊन नि खालून दगड तापलेला. रानातून वर चढताना हवा हलत नाही, दमट असते, घाम सुकतच नाही, नुसता वाहतो. आपल्याला तिथे प्रोटीन कमी पडत नाही, आपल्याला पाणी कमी पडतं, मीठ कमी पडतं आणि पायांना चालायला लागणारं पिष्ट, म्हणजे कार्बोहायड्रेट, कमी पडतं. दिवसाचं प्रोटीन म्हणशील तर मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे 0.83 ग्रॅम पुरतं असं आपल्या आयसीएमआरने, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने, सांगितलंय, म्हणजे साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम, आणि ते संध्याकाळी घरी येऊन डाळ, भात, मासळी खाल्लीस की भरून निघतं. डोंगरावर पाच तासांत ते भरायची घाई काय आहे? स्नायूंची झीज भरून यायला प्रोटीन हवं हे खरंच आहे पण ते काम उतरून आल्यावर चालू होतं.

चढताना काय लागतं ते सांगते. दोन-तीन तासांच्या वर चाललं की तासाला तीस ते साठ ग्रॅम पिष्ट, म्हणजे एक मोठं केळं आणि एक लाडू असं समज. पाणी तासाला अर्धा लिटर तरी, उन्हात जास्त. आणि मीठ. एक लिटर घामाबरोबर साधारण एक ग्रॅम सोडियम जातं, माणसागणिक कमीजास्त, म्हणजे अर्धा चमचा मीठ गेलं म्हण. नुसतं पाणी पीत राहिलं आणि मीठ घेतलंच नाही तर डोकं जड होतं, मळमळतं, पोटऱ्या धरतात, आणि माणसाला वाटतं अजून पाणी कमी पडतंय म्हणून अजून पितो. म्हणून ओआरएसची पाकिटं घे, फार्मसीत मिळतात ती, पाकिटावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलेलं बघून, रंगीत गोड ड्रिंक नव्हे. माणशी दोन. नाही मिळालं तर एक लिटर पाण्यात सपाट सहा छोटे चमचे साखर नि अर्धा छोटा चमचा मीठ, तेवढंच, अंदाजाने मूठभर घालायचं नाही. आणि सोलं घे, आपली भिंडांची म्हणजे कोकमाची सोलं, मिठातली. एका छोट्या डबीत दहा-बारा टाक, तोंडात एक ठेवून चोखत चाललं की तहान मरते, तोंडाला पाणी सुटतं आणि मीठही पोटात जातं. माझ्या सॅकेत ती डबी अजून असते, झाकण मिठाने पांढरं झालेली.

खाण्याचं. तुझ्या सासऱ्यांचे भाजलेले चणे नि गूळ ऐकून मला बरं वाटलं. भाजलेल्या चण्यात शंभर ग्रॅमला वीसेक ग्रॅम प्रोटीन आहे, शेंगदाण्यात पंचवीस, काजूत अठरा, म्हणजे ज्याच्यासाठी आपण बारला शंभर-सव्वाशे रुपये मोजतो ते डिचोलीच्या बाजारात पुडीत बांधून मिळतं. गूळ लगेच ताकद देतो, चणे मागून येतात. आपल्याकडे तर पिनाग आहे, उकडे तांदूळ भाजून त्याचं पीठ, नारळ नि माडाचा काळा गूळ, वळून मुठीएवढं केलेलं, त्याला चांदीच्या कागदात घालून इंग्रजी नाव दिलं तर एनर्जी बार म्हणून विकलं जाईल. फक्त त्यात नारळ असतो, उन्हात सॅकमध्ये दिवसभर राहिला तर खवट होतो, म्हणून ताजं केलेलं असेल तरच ने आणि सकाळी पहिलं तेच संपव. फणसाची साठं मे महिन्यात पुरुमेंताच्या, म्हणजे पावसाळ्याच्या बेगमीच्या, बाजारात घेऊन ठेवली असशील तर ती काढ, कातरीने पट्ट्या काप, वितळत नाहीत, चिकटत नाहीत, पोरांना आवडतात. खाजं पण चालतं, जत्रेतलं, आलं असतं त्यात, मळमळीला बरं. पण नुसतं खाजं नको, तहान लागते.

मी जे लाडू करते ते सांगते, कारण तू विचारलंस माणशी किती न्यायचं आणि मापाशिवाय किती ते कसं सांगू. भाजून सालं काढलेले शेंगदाणे 200 ग्रॅम, जाडसर कुटायचे, मिक्सरात फार फिरवलेस तर तेल सुटून लगदा होतो. डाळ्याचं पीठ 100 ग्रॅम. नाचण्याचं पीठ 100 ग्रॅम, ते मंद आचेवर कोरडंच खमंग वास येईपर्यंत भाजायचं, कच्चं राहिलं की तोंडात चिकटतं. तीळ 50 ग्रॅम, भाजलेले. मीठ पाऊण चमचा, विसरू नको. गूळ 200 ग्रॅम, तो कढईत दोन चमचे पाणी नि एक चमचा तूप घालून नुसता विरघळवायचा, फेस आला की गॅस बंद, पाक करायचा नाही, तार आली की लाडू दगड होतात आणि डोंगरावर दात हलतो. सगळं त्यात ओतून गरम असतानाच हाताला तूप लावून वळायचं. बरोबर वीस होतात, एक लाडू तीसेक ग्रॅमचा, दीडशेच्या जवळपास कॅलरी नि चार-साडेचार ग्रॅम प्रोटीन. पाच-सहा तासांच्या ट्रेकला माणशी तीन. नऊ जणांना सत्तावीस, म्हणजे दीडपट माप घे, तीस होतील, तीन वर राहतील. कोणीतरी काहीच न आणता येतंच.

बाकी सकाळचं. रिकाम्या पोटी कोणी निघायचं नाही, मुलाला हे स्पष्ट सांग. पाचला उठून पोदेराच्या पोईत, म्हणजे पाववाल्याच्या कोंड्याच्या पावात, ऑम्लेट घालून खाऊ दे, किंवा पेज नि लोणचं, पेजेसारखं दुसरं काही नाही, पाणी, पिष्ट, मीठ तिन्ही पोटात जातं. चोरीस पाव, म्हणजे मसालेदार सॉसेजचा पाव, परत आल्यावर, जाताना नको, तेल नि मसाल्याने छातीत जळजळतं आणि दुप्पट पाणी लागतं. वर खायला एक-एक पोई, बटाट्याची सुकी भाजी घालून. केळी माणशी दोन, सालदाटीची मिळाली तर तीच घे, साल जाड असतं, सॅकेत चेंगरत नाही.

आता बार. नेऊच नको असं मी म्हणत नाही. सॅकच्या तळाशी माणशी एक ठेव, वाट चुकली, उशीर झाला, कोणाचे लाडू पडले, तर तो असतो, महिनोन् महिने टिकतो, ही त्याची खरी किंमत आहे. विकत घेताना चॉकलेटचं आवरण नसलेला घे, चॉकलेट तीस-बत्तीस डिग्रीला मऊ व्हायला लागतं आणि आपल्या दुपारी सॅकमध्ये त्याहून जास्त असतं, मग बोटं चाटत बसायचं आणि वर मुंग्या. शेंगदाणे, ओट्स, खजूर अशी ओळखीची नावं आधी असलेला घे, प्रोटीन आठ-दहा ग्रॅम असलं तरी भरपूर, माल्टिटॉल नको. आणि कुठलाही नवीन बार डोंगरावर पहिल्यांदा उघडायचा नाही, आधी एखाद्या रविवारी घरी खाऊन बघायचा, पाणी न पिता गिळता येतो का ते पण. दिरांनी आणलेले वीस ग्रॅमवाले वाया घालवू नको, मुलगा फुटबॉल खेळून आला की जेवायला वेळ असेल तेव्हा अर्धा दे, वर मोठा ग्लास पाणी.

मिस्टरांचं मात्र नीट ऐक, इथे माझा जीव खरंच खालीवर होतो. शुगर फ्री बार त्यांच्यासाठी डोंगरावर धोक्याचा आहे, सोयीचा नाही. शुगरच्या काही गोळ्या अशा असतात की त्या घेतल्या आणि माणूस तासन् तास चालला की साखर एकदम खाली येते, हात थरथरतात, घाम फुटतो, माणूस चिडचिडा होतो, बरळायला लागतो, आणि ट्रेकवर सगळेच घामाघूम असतात म्हणून बरोबरच्यांना कळत नाही. त्या वेळी शुगर फ्री बारचा काही उपयोग नाही, साध्या चॉकलेटचा पण फारसा नाही, चरबीमुळे साखर रक्तात जायला उशीर होतो. तिथे पंधरा ग्रॅम साखर लागते, सरळ साखर, तीन छोटे चमचे ग्लुकोज पाण्यात, पंधरा मिनिटं बसायचं, परत शुगर बघायची, वर आली नसेल तर परत पंधरा ग्रॅम. मग वर आली की लाडू नि पोई. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर वळवून सरळ 108 ला फोन. रेंज नसते तिकडे कित्येक ठिकाणी, म्हणून कुठे शेवटची रेंज होती ते चालताना लक्षात ठेव. जायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना गोळ्यांची चिठ्ठी दाखवून विचारा, त्या दिवशीचा डोस कमी करायचा का, ते त्यांनीच ठरवायचं, मी नाही नि मिस्टरांनी तर नाहीच. मीटर बरोबर न्या. ग्लुकोजची पुडी त्यांच्या खिशात एक, तुझ्या खिशात एक. ऑफिसातल्या एका तरी माणसाला सांगून ठेव, यांना लाज वाटली तरी.

रात्रीच्या रानडुकराचं. नको म्हणून सांग, आणि कारणासकट सांग, चौदा वर्षांच्या मुलाला कारण कळतं. दिरांकडे लायसन्स आहे, सीझन आहे, कुठलं जनावर किती मारायचं ते ठरलेलं आहे. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, डिचोली-सत्तरीतला एखादा पोरगा गंमत म्हणून गेला नि पकडला गेला तर ती पोलीस केस आहे, तुरुंग आहे, पासपोर्ट नि नोकरीपर्यंत मागे लागते. आणि त्याहून वाईट म्हणजे अंधारात टॉर्च, झुडपात सळसळ आणि गावठी बंदूक. पलीकडे डुक्कर आहे की आपलाच माणूस हे कोणाला दिसतं? अशा बातम्या आपण पेपरात वाचतो आणि दोन दिवसांनी विसरतो, ज्या घरातला गेला ते घर विसरत नाही. सासऱ्यांनाच बोलू दे त्याच्याशी. ते रानात गेलेले आहेत, त्यांचं तो ऐकेल, आणि ते काळ कसे होते नि का संपले ते त्यांनी सांगितलेलं बरं. त्याला रानाची ओढ आहे ना, मग सोसोगडाला पायवाटेवर पुढे त्याला चालू दे, गव्याचं शेण ओळखायला शिकव, शेखरूचं घरटं दाखव, ओढ तिकडे वळू दे.

सोसोगड म्हादई अभयारण्यात येतो, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी काढा, वाटाड्या घ्या, गावातलाच घ्या. वाटेत खेती असतात, लाल तोंडाची माकडं, पिशवीचा आवाज ऐकला की येतात आणि हातातून ओढून नेतात. त्यांना एक तुकडासुद्धा टाकायचा नाही, एकदा सवय लागली की पुढच्या माणसाच्या पोराला चावतात. बारचं पाकीट, केळ्याचं साल सगळं परत आणायचं, साल कुजतं म्हणून टाकतात लोक, पण त्यावर माकडं येतात नि खाणं म्हणजे माणूस हे शिकतात. मी पाकिटांना वेगळी जुनी दुधाची पिशवी नेते, मोजून नेते, मोजून आणते.

लाडू जायच्या दोन-तीन दिवस आधी कर, आदल्या रात्री नको, रात्री केलेले सकाळी मऊ असतात नि सॅकेत बसून सपाट होतात. पूर्ण गार झाल्याशिवाय डब्याचं झाकण लावू नको, आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी नाचण्याला आंबूस वास येतो. स्टीलचा डबा घे, प्रत्येकाचे तीन-तीन वेगळे बांध, एकाच डब्यात सगळे ठेवलेस तर जो मागे राहतो त्याला मिळत नाहीत, आणि मागे राहणाऱ्यालाच ते लागतात.